दहा निरक्षर पाहिजेत

प्राध्यापक मुकुंद कळमनुरीकर यांना दहा निरक्षर माणसं हवी होती, आणि ती त्यांना कुठं मिळत नव्हती.

देशातली निम्मी माणसं निरक्षर आहेत, असं ते दर वर्षी बी.ए.च्या वर्गाला गंभीर चेहऱ्यानं सांगत. त्यावर त्यांनी नांदेडच्या एका परिसंवादात निबंधही वाचला होता. पण आकडेवारीतला निरक्षर वेगळा आणि नाव, वय, पत्ता विचारून वहीत लिहून घेता येईल असा निरक्षर वेगळा, हे त्यांना वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

साल होतं एक्क्याण्णव. जिल्हा साक्षर करायचा आहे, त्यात महाविद्यालयांनीही दहा निरक्षरांचं केंद्र चालवून हातभार लावावा, असं परिपत्रक वरून आलं होतं. वरून म्हणजे नक्की कुठून, हे विचारायची पद्धत नाही. पाऊस आणि परिपत्रक ही वरूनच येतात. प्राचार्यांनी ते बैठकीत वाचलं आणि ही जबाबदारी कोण घेतं, असं विचारलं. सगळे प्राध्यापक एकदम टेबलाच्या लाकडाचं निरीक्षण करू लागले. मुकुंदरावही तेच करत बसले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्यांना बोलण्याची खोड. ते उभे राहिले आणि "हा साधनांचा प्रश्न नाही, वृत्तीचा प्रश्न आहे," या विषयावर अकरा मिनिटं बोलले. भाषण चांगलंच झालं. शेवटी प्राचार्य म्हणाले, "वा! मग तुम्हीच घ्या."

बाहेर पडल्यावर प्राचार्यांनी हळूच आणखी एक गोष्ट सांगितली. मुकुंदरावांची प्रपाठकपदाची फाईल सहा महिन्यांपासून पडून होती. केंद्र चांगलं चाललं, तपासणी पथकानं चांगला शेरा दिला, तर ती हलेल. मुकुंदराव त्या दिवशी स्कूटर नेहमीपेक्षा जरा ताठ बसून चालवत घरी गेले.

त्यांच्या मदतीला पंचवीस विद्यार्थी-स्वयंसेवक नेमले होते आणि प्रत्येकाला या कामाचे दहा गुण मिळणार होते. पंधरा दिवसांत चोवीस जणांनी काम पूर्ण केल्याचे कागद आणून दिले. बहुतेकांनी आपापल्या आजीला साक्षर केलं होतं आणि खाली आजीची वळणदार सही होती. सगळ्या आज्यांचं वळण एकच होतं. एका विद्यार्थ्याची आजी तर त्याच्या रजेच्या अर्जांनुसार याआधी दोनदा वारली होती. तीही साक्षर झाली. मुकुंदरावांनी ते कागद फाडून टाकले आणि ठरवलं, की आपण स्वतःच्या कॉलनीतूनच सुरुवात करायची.

क्रांती चौकाच्या मागं त्यांची ज्ञानगंगा सोसायटी. रविवारी सकाळी हातात वही घेऊन ते निघाले आणि पहिल्याच दारात म्हणाले, "नमस्कार. आपल्याकडे कुणी निरक्षर आहे का?"

हा प्रश्न रविवारी सकाळी कुणाच्या दारात जाऊन विचारण्यासारखा नाही. पहिल्या घरातल्या वकीलसाहेबांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या घरातल्या बाईंना वाटलं, त्यांच्या नुकत्याच नापास झालेल्या मुलाबद्दल हा टोमणा आहे. त्या आतून त्याची गुणपत्रिका घेऊन आल्या आणि मराठीत छत्तीस आहेत हे दाखवू लागल्या. तिसरं घर नानासाहेबांचं. नानासाहेब तहसिलीतून निवृत्त झालेले. हुद्दा अव्वल कारकुनाचा, पण ते स्वतःला अजून निजामी थाटात पेशकार म्हणवून घेत.

"कळमनुरीकर," पेपर खाली ठेवत नानासाहेब म्हणाले, "मी पोलीस ॲक्शनच्या आधी उर्दूतून मॅट्रिक झालेला माणूस. पस्तीस साल तहसिलीचं दफ्तर सांभाळलं. आणि तुम्ही माझ्या उंबऱ्यावर येऊन अनपढ मागता?"

"तसं नाही नानासाहेब, शासनाची योजना—"

"योजनाच सांगता, तर मग आधी माझा सल्ला ऐका." नानासाहेबांचा राग सल्ला द्यायची संधी दिसली की ओसरत असे. "माणूस शोधत फिरायचं नसतं. आधी मिसल, म्हणजे फाईल, तयार करायची. कागद तयार असला की माणूस आपोआप येतो."

मुकुंदराव हताश होऊन घरी आले. स्वयंपाकघरात त्यांची पत्नी दमयंती पोळ्या लाटत होती आणि मोरीपाशी दगडाबाई भांडी घासत होत्या. दगडाबाई गेली नऊ वर्षं त्यांच्याकडं कामाला होत्या. माहेर देवगाव रंगारीचं. नवरा पुंजाराम वारल्यावर तीन लेकरं घेऊन शहरात आल्या आणि चार घरची भांडी-धुणी करून त्यांनी ती वाढवली. पन्नाशीला टेकल्या होत्या.

"एक माणूस मिळाला नाही," मुकुंदराव म्हणाले.

दमयंतीनं लाटणं थांबवलं, नवऱ्याकडं पाहिलं, मग मोरीकडं पाहिलं, मग पुन्हा नवऱ्याकडं. ती शाळेत गणित शिकवायची आणि उत्तर समोर असताना न दिसणाऱ्या मुलांची तिला सवय होती.

मुकुंदराव ओशाळले. नऊ वर्षांत आपण हे कधी विचारलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. घसा खाकरून ते म्हणाले, "दगडाबाई, तुम्हाला वाचता येतं का?"

"काय वाचायचंय? भांडी?"

"नाही, म्हणजे शिकायला आवडेल का? रोज दुपारी तीन ते चार. इथंच."

दगडाबाईंनी हातातलं पातेलं उपडं घातलं. "शिकन की. पन तीन ते चार म्या इथली भांडी घासते. ती कोन घासनार?"

मुकुंदरावांनी आशेनं पत्नीकडं पाहिलं.

"माझी शाळा साडेपाचला सुटते," दमयंती म्हणाली. "आणि हा साधनांचा प्रश्न नाही ना? वृत्तीचा आहे."

अशा रीतीनं प्राध्यापक कळमनुरीकर रोज भांडी घासू लागले. कॉलेज दुपारी दोनला सुटायचं. अडीचला ते बाह्या वर करून मोरीत बसत आणि तीनला हात पुसून खडू घेत. मोरीची खिडकी नानासाहेबांच्या गच्चीसमोर होती. दोनच दिवसांत सोसायटीत बातमी पसरली, की कळमनुरीकर बाईंनी नवऱ्याला चांगलाच सरळ केलाय. वकीलसाहेब त्यांच्याकडं कणवेनं पाहू लागले. एकदा जिन्यात खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, कायदा पुरुषांच्या बाजूनंही आहे बरं का."

दगडाबाईंनी आपल्याबरोबर साळूबाई आणि आवडाबाई या दोघींना आणलं. वहीत तीन नावं झाली; उरलेली सात मिळाली नाहीत ती नाहीतच. पण नुसती नावं चालत नाहीत, तर प्रत्येकीच्या निरक्षरतेचा दाखला पाहिजे, असं परिपत्रकाच्या दुसऱ्या पानावर होतं. हे पान मुकुंदरावांनी भाषणाच्या दिवशी वाचलं नव्हतं. ते एका कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं दगडाबाईंचा अर्ज मान वर न करता परत सरकवला.

"अर्जदाराची सही नाय."

"त्या निरक्षर आहेत."

"मग?"

"निरक्षर माणूस सही कशी करेल? अंगठा आहे ना खाली."

"अंगठ्याचा रकाना नाय यात. सही शिकवा त्यांना, मग या."

"अहो, सही शिकवली तर त्या निरक्षर राहणार नाहीत!"

कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली आणि आस्थेनं विचारलं, "मग दाखला कशाला पायजे?"

यावर भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकांनी अर्जाची घडी करून तो खिशात घातला. शेवटी नानासाहेबांनी वाट काढली. त्यांचा जुना शिरस्ता होता, की अर्ज अडला की प्रतिज्ञापत्र जोडायचं. त्यांनी स्वतःच मजकूर सांगितला आणि मुकुंदरावांनी लिहून घेतला: "मी स्वतः खातरजमा केली असून सदर महिला पूर्णपणे अडाणी आहे."

दगडाबाई शेजारीच उभ्या होत्या. "काय लिवलं सर?"

मुकुंदरावांनी कागदाकडं पाहिलं, मग दगडाबाईंकडं. वर्गात ऐंशी मुलांसमोर न अडखळणारा माणूस अडखळला. "तुम्ही... म्हणजे... अडाणी आहात असं."

"अडानी?" दगडाबाईंचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तीन लेकरं एकलीनं वाढवली म्या. थोरलीला तर नर्स केलं."

मुकुंदरावांनी मुकाट्यानं तो शब्द खोडला आणि वर "अक्षरओळख नसलेली" असं लिहिलं. खाडाखोड आहे म्हणून कचेरीतून तो कागद परत आला. त्यांनी नवा लिहिला. त्यात अडाणी हा शब्द नव्हता. नानासाहेबांचं म्हणणं पडलं, की त्यामुळे मिसल कमजोर झाली.

शिकवणं सुरू झालं, आणि खरं संकट तिथं होतं. मुकुंदरावांनी अक्षरांचा एक तक्ता स्वतः रंगवला होता. त्यात कंठ्य, तालव्य, मूर्धन्य असे गट आणि प्रत्येक गटासमोर तोंडाची उभी चिरलेली आकृती होती. जीभ कुठं टेकते ते बाणानं दाखवलं होतं. साळूबाईंना ती आकृती बघून मळमळायला लागलं. आवडाबाई आठ दिवस जिभेचं टोक कुठंकुठं लावून बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, की घरी जेवताना जीभ चावली जाते. तीन आठवड्यांत तिघींना एक 'अ' येत होता. तोही तक्त्यावरचाच, दुसरीकडं लिहिला तर ओळखू येत नव्हता.

"सर," दगडाबाई एकदा म्हणाल्या, "जीब कुठं टेकती ते मला कशाला? पन्नास वरसं बोलतेच हाय की म्या."

याच सुमारास पंचविसावी स्वयंसेवक उगवली. तिचं नाव कालिंदी. दुसऱ्या वर्षाची, मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी मुलगी. मुकुंदरावांच्या ध्वनिविचाराच्या चाचणीत तिला वीसपैकी चार गुण मिळाले होते. आजी नसल्यामुळं कागद आणता आला नाही, असं तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. मुकुंदरावांनी तिला कोपऱ्यात बसून बघायला सांगितलं. दोन दिवस तिनं बघितलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, मी विचारू का त्यांना एक?"

"विचार."

"मावशी, तुम्हाला काय वाचता यावंसं वाटतं?"

मुकुंदराव थक्क झाले. प्रौढांच्या अध्ययनावर त्यांचा बावीस पानांचा निबंध होता आणि त्यात हा प्रश्न नव्हता.

दगडाबाईंनी विचार केला. "यष्टीची पाटी. माहेराला जायचं म्हनलं की दहा जनाला इचारावं लागतं. एकदा एकानं सांगितलं ह्यीच गाडी, बसले, तर पैठनला गेले. भावाच्या घरी पंगत बसली व्हती, आन् म्या नाथाच्या समाधीपुढं."

कालिंदीनं तक्ता उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: देवगाव.

"हे तुमचं गाव."

दगडाबाई उठून तक्त्याजवळ गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग बोटानं एकेक अक्षर गिरवलं. "एवढंसंच? चार घरांचं?" त्यांनी मागं वळून साळूबाईंना सांगितलं, "बघ गं, ह्यो वा दोनदा आलाय. एकदा मधी, एकदा शेवटाला."

त्यानंतर वर्ग घरात थांबेना. कालिंदी तिघींना घेऊन क्रांती चौकात उभी राहायची आणि पाट्या वाचून घ्यायची. मुकुंदराव मागं असत. एकदा शहागंजला गेले, तेव्हा एका तुपाच्या दुकानापुढं दगडाबाई अक्षर-अक्षर लावत वाचू लागल्या, "शु...ध... तु...प."

"तू दीर्घ आहे, दगडाबाई," मुकुंदराव म्हणाले.

"पन इथं लहान काढलाय."

"तो चुकलाय. शिवाय ध ला द जोडायला हवा."

"मग सर, लिवलंय ते वाचू का नसलंय ते वाचू?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मुकुंदराव दुकानदाराकडं वळले आणि त्याला सांगू लागले, की तुमच्या पाटीवरचं शुद्ध अशुद्ध आहे. एवढंच वाक्य आजूबाजूच्या गिऱ्हाइकांनी ऐकलं. एकानं हातातला डबा परत ठेवला. "हौ साब," दुकानदार गल्ल्यावरून उठत म्हणाला, "मेरे तूपकू अशुद्ध बोलते? आप है कौन? भेसळवाले साहेब है क्या?" बघता बघता पंचवीस-तीस माणसं जमली. मुकुंदराव ऱ्हस्व-दीर्घाचा नियम सांगत होते आणि गर्दी तूप पाघळवून बघा म्हणत होती. शेवटी दगडाबाई मध्ये पडल्या. "भाऊ, ते मास्तर हायत. त्यान्ला तुपातलं काय कळत नाय." त्यावर दुकानदार शांत झाला आणि त्यानं सगळ्यांना चहा पाजला. मुकुंदरावांनी तो चहा अपमान गिळावा तसा गिळला.

पण गाडी रुळावर आली होती. दिवाळी होऊन गेली आणि डिसेंबरात दगडाबाई पेपरातले मथळे वाचू लागल्या, हळूहळू आणि प्रत्येक शब्दाला मान डोलावत. मुकुंदरावांनी कालिंदीची चाचणीची वही पुन्हा काढली, पुन्हा वाचली आणि गुण चारच ठेवले. ध्वनिविचार तिला येतच नव्हता. पण हजेरी कमी असल्यानं कार्यालयानं तिचा परीक्षेचा अर्ज अडवला, तेव्हा ते स्वतः खिडकीशी उभे राहिले आणि क्रांती चौकातला प्रत्येक तास त्यांनी हजेरीत मोजायला लावला. त्यासाठी तीन अर्ज आणि एक प्रतिज्ञापत्र लागलं. मजकूर नानासाहेबांनी सांगितला.

मग तपासणी पथकाची तारीख आली. जानेवारीतला दुसरा गुरुवार, सकाळी अकरा. पथक सोसायटीतच येणार, नवसाक्षरांची चाचणी घेणार आणि तिथंच शेरा लिहिणार. मंडप घातला, प्राचार्य येणार म्हणून गादीची खुर्ची आणली. स्वागताचं भाषण नानासाहेबांनी न सांगता स्वतःकडं घेतलं. सोमवारी साळूबाई म्हणाल्या, की त्यांच्या पुतणीचं लग्न आहे, गुरुवारीच. मंगळवारी आवडाबाईंना लेकीच्या बाळंतपणाला परभणीला जावं लागलं. उरल्या दगडाबाई. मुकुंदरावांनी स्वतःची समजूत घातली, की एकच, पण नाणं खणखणीत आहे.

बुधवारी संध्याकाळी दगडाबाईंचे भाऊ आप्पासाहेब आले. फेटा, पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. पिशवीत बहिणीसाठी हुरडा. माणूस प्रेमळ दिसत होता.

"उंद्या हिला तालुक्याला, कन्नडला न्यायाचं हाय," ते म्हणाले. "वडील वारल्याला वरीस झालं. सात-बाऱ्यावर वारसांची नावं लावायची. हिचा एक आंगठा लागतो."

"उद्या?" मुकुंदरावांनी खिडकीतून मंडपाकडं पाहिलं. "परवा नाही का चालणार?"

"सायबाची तारीख मिळालीय सर. पुन्ना दोन म्हयनं मिळायची नाय."

ते हुरड्याची पिशवी ठेवून गेले. मुकुंदराव येरझारा घालू लागले. मंडप, गादीची खुर्ची, प्रपाठकपद. दगडाबाई मोरीच्या उंबऱ्यावर बसून होत्या.

"सर, तुमी चला की माझ्यासंगं," त्या म्हणाल्या. "सायबापुढं मला बोलाय येत नाय. तुमी असलं तर धीर येईल."

"अहो बाई, उद्या पथक आहे! आणि तुम्हीच नसलात तर पथकाला मी दाखवू कुणाला?"

दमयंतीनं विचारलं, "नुसतं नाव लावायचं असेल, तर तिचा अंगठा कशाला लागतो हो?"

मुकुंदराव थांबले. गणिताच्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत नव्हतं, पण प्रश्न बरोबर आहे एवढं कळत होतं. ते खुर्चीत बसले, पुन्हा उठले, चष्मा पुसला. मग म्हणाले, "पहिली गाडी किती वाजता आहे?"

पथकाला सांभाळायची जबाबदारी कालिंदी आणि नानासाहेबांवर टाकून दोघं सकाळी स्टँडवर पोचले. मुकुंदराव चौकशीच्या खिडकीकडं निघाले, तर मागून हाक आली. "सर, तिकडं कुठं? ही बघा, कन्नड." दगडाबाई गाडीत चढूनही बसल्या होत्या.

निबंधक कचेरीत गर्दी होती. आप्पासाहेब दोन पुतण्यांना घेऊन आधीच आले होते. कागद टाईप होऊन तयार होता. कारकुनानं शाईचा पॅड पुढं सरकवला आणि दगडाबाईंचा हात धरायला गेला. "टेकवा मावशी, डावा अंगठा. मागं लाईन हाय."

"थांबा," दगडाबाई म्हणाल्या. "वाचते."

कारकून आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की बाई खरंच कागद उचलून बाकावर बसल्या आहेत आणि त्यांचं बोट पहिल्या ओळीवर आहे.

"मी वाचून दाखवतो ना," तो म्हणाला. "बराय, ऐका—"

"त्या वाचतील," मुकुंदराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला.

वाचन सुरू झालं. दीड पानाचा कागद, कचेरीतली भाषा. "लि...हून... दे...णार." "लिहून देणार" ला तीन मिनिटं लागली. रांग कुरकुरली, मग तीही थांबून ऐकू लागली. निबंधकसाहेबांनी आतून मान काढली आणि ते दारात उभे राहिले. "वडि...लो...पार..." तिथं गाडी अडली. "वडिलोपार्जित" हा शब्द मुकुंदरावांच्या ओठांपर्यंत आला होता. त्यांनी जीभ दातांखाली धरली. आयुष्यात दुसऱ्याचा शब्द अडलेला असताना ते पहिल्यांदाच गप्प बसले होते, आणि त्यात इतके कष्ट असतात याची त्यांना कल्पना नव्हती. दगडाबाईंनी तो शब्द तीनदा फोडला, जोडला आणि पार केला.

"...मा...झा... ह...क्क... मी... रा...जी...खु...शी...ने... सो...डून... देत... आहे."

बोट थांबलं. दगडाबाईंनी तीच ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. मग मान वर करून भावाकडं पाहिलं.

"दादा, ह्यात माझं नाव लावायचं नाय लिवलं. काढायचं लिवलंय."

आप्पासाहेबांनी फेटा नीट केला, जरी तो नीटच होता. "समद्याच भैनी सोडत्यात, दगडे. रीत हाय. सांगून तुला वाईट वाटलं असतं."

"सांगितलं असतं तर दिलं बी असतं कदाचित," दगडाबाई म्हणाल्या. "तू मागितलं नायस. अंगठा मागितलास. अंगठा व्हता तवर त्यो तुझाच व्हता. आता सही येती. ती माझी हाय, ती नाय देत."

त्यांनी कागद न चुरगळता टेबलावर ठेवला आणि शाईचा पॅड झाकून कारकुनाकडं सरकवला. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं हातातला स्वतःचा कागद उलटसुलट करून बघितला आणि शेजारच्या मुलाला विचारलं, "आपल्यात काय लिवलंय रं?"

स्टँडवर आप्पासाहेब मागोमाग आले. "घरी जेवून जा," ते म्हणाले. "वैनीनं पुरन घातलंय."

"आज नगं," दगडाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र ठीक होता. "संक्रातीला येते. तवा बसून बोलू. तोंडानं." त्यांनी भावाच्या पायाला हात लावला आणि गाडीत चढल्या. परतीच्या वाटेवर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. वाटेतली एकही पाटी त्यांनी वाचली नाही. मुकुंदरावांना अकरा मिनिटं सोडा, एक वाक्यसुद्धा सुचलं नाही.

इकडं सोसायटीत व्हायचं ते झालं होतं. पथक साडेअकराला आलं, प्राचार्य अजून यायचे होते. मंडपात पुढच्या खुर्चीवर एकटे नानासाहेब भाषणाचा कागद घेऊन बसले होते. पथकाच्या प्रमुखांनी त्यांनाच नवसाक्षर समजून हातात वाचनपाठ दिला. कालिंदी धावत आली, पण नानासाहेबांनी तिला हातानं थांबवलं. त्यांना वाटलं, हा स्वागताचा भाग असेल. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी पाठ लांब धरला, जवळ धरला आणि मग बाणेदारपणे म्हणाले, की हा मजकूर दर्जाहीन आहे. "बरं आजोबा, सही तरी करा," प्रमुख म्हणाले. नानासाहेबांनी पस्तीस वर्षांची झोकदार सही ठोकली, उजवीकडून डावीकडं, उर्दूत. शेरा पडला: "उपस्थित एक. अक्षरे उलटी काढतो."

हे कळल्यावर नानासाहेबांनी मुकुंदरावांशी बोलणं टाकलं. प्रपाठकपदाची फाईल जिथं होती तिथून आणखी खालच्या कप्प्यात गेली. आणि आठ दिवसांनी घरी एक लिफाफा आला. मुकुंदरावांनी तो वाचला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकला आणि डोळे मिटून बसले.

दगडाबाई ओटा पुसत होत्या. टेबल पुसायला कागद उचलला आणि हात तिथंच थांबला. अलीकडं कुठलाही कागद न वाचता खाली ठेवणं त्यांना जमत नसे. त्या वाचू लागल्या, आता पूर्वीपेक्षा भराभर.

"आपल्या केंद्रात एक...ही प्रौढ व्यक्ती साक्षर झाल्याचे आढळून आले नाही. याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा."

त्यांनी कागद खाली केला. "सर, हे कोनाचं हाय?"

"माझं," मुकुंदराव म्हणाले.

"खुलासा म्हंजी?"

"काय घडलं ते लिहून द्यायचं."

दगडाबाईंनी फडकं ओट्यावर ठेवलं. मग पदराला हात पुसले आणि समोरची खुर्ची ओढली. त्या घरातल्या खुर्चीवर त्या नऊ वर्षांत पहिल्यांदाच बसत होत्या.

"द्या पेन. घडलं ते मला ठावं हाय."

अर्धा तास लागला. जीभ एका कोपऱ्यातून थोडी बाहेर, कपाळाला आठ्या. मुकुंदराव समोर बसून होते. दमयंती शाळेतून आली ती दारातच थांबली. कागद पुरा झाल्यावर दगडाबाईंनी तो मुकुंदरावांपुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं:

"परिकशेच्या दिवशी मि कन्नडला होते. तिथं साहेबापुढं मोठा कागद वाचला. सही दिली नाही."

आणि त्याखाली, ठसठशीत अक्षरांत, सही होती: दगडाबाई पुंजाराम निकम.